बंद आहे की बंद पडलंय?

आमच्या इमारतीच्या लिफ्टवर महिन्यातून एकदा तरी पाटी लटकते : 'लिफ्ट बंद आहे.' मी वॉचमनला विचारते, "बंद आहे की बंद पडलीय?" तो म्हणतो, "मॅडम, चढायचं तर जिन्यानेच ना?" त्याचंही बरोबर आहे. पण बंद असलेली लिफ्ट कुणीतरी बंद केलेली असते आणि तोच माणूस ती पुन्हा चालू करणार असतो. बंद पडलेली कधी सुरू होईल ते कुणाच्याच हातात नसतं. या प्रश्नावरून सोसायटीत माझी भरपूर थट्टा होते. होऊ दे. हा प्रश्न माझ्या मानगुटीवर कसा बसला ते आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

मी स्पॅनिशची भाषांतरकार. "डोंबिवलीत कोण बोलतं हो स्पॅनिश?" असं लोक हमखास विचारतात. कुणीच बोलत नाही. पण इथल्या एमआयडीसीत बनलेली यंत्रं मेक्सिकोला, पेरूला, ग्वाटेमालाला जातात आणि प्रत्येक यंत्राबरोबर एक पुस्तिका जाते. यंत्र जोडावं कसं, पुसावं कसं, कुठे हात घालू नये. ती पुस्तिका मी लिहिते. पूर्वी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका निर्यात कंपनीत मी टायपिस्ट होते. तिथे स्पॅनिश शिकणाऱ्याला बढती मिळेल असं साहेब म्हणाले आणि हात वर करणारी मी एकटीच निघाले. बढती काही मिळाली नाही. भाषा मात्र राहिली, आणि तिच्यावर पुढे तीस वर्षं पोट भरलं.

या कामात सगळ्यात जास्त छळतं ते 'चालणं'. आपल्याकडे माणूस चालतो, घड्याळ चालतं, दुकान चालतं, वशिला चालतो, आणि "चहा चालेल का?" हेही चालतं. स्पॅनिशमध्ये एवढ्या एका शब्दावर भागत नाही. यंत्र आपलं काम नीट करतं तेव्हा 'फुन्सिओनार'. घड्याळ किंवा गाडी चालते तेव्हा बरेच लोक 'आन्दार' म्हणतात, म्हणजे पायी चालण्याचंच क्रियापद. एखादी वस्तू कामाची असली तर 'सेर्विर', धंदा चालला असेल तर 'मार्चार'. औषधाचं खातं आणखी वेगळं. त्याबद्दल आपण तरी कुठे हसावं? आपल्याकडेही औषध 'चालत' नाही, 'लागू पडतं'.

औषधावरून आठवलं. कल्याणच्या एका वैद्यांचं खोकल्याचं काढा-सिरप होतं. सिरप दोन तासांत काम करतं, एवढंच लिहायचं होतं. मला शब्दकोशात 'ओब्रार' सापडलं. भारदस्त, जुन्या घरंदाज माणसासारखं क्रियापद. मी ऐटीत वापरलं. मेक्सिकोहून व्यापाऱ्याचं पत्र आलं की तिकडे साध्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ शौचाला होणं असाही आहे, तेव्हा आपलं सिरप नक्की कशावर आहे? वैद्यबुवा पोट धरून हसले. "गायकवाडबाई, तुम्ही माझं पोट साफ करायचं चूर्णसुद्धा विकून टाकाल," म्हणाले.

माजिवड्याच्या एका कारखान्याचा गोंद होता. थंडीत गोंद कसा वागतो ते लिहिताना मी मुलांच्या वागण्याचं क्रियापद घातलं. चिलीच्या गिऱ्हाइकाने कळवलं की तुमचा गोंद फार गुणी आहे, उलटून बोलत नाही. असल्या चुका मी पाहुण्यांना रंगवून सांगायचे. कादंबरीत क्रियापद चुकलं तर वाचक नाक मुरडतो, माझं चुकलं तर चार माणसं हसतात, अशी माझी समजूत होती.

आता म्हात्रेशेठचं यंत्र.

प्रभाकर म्हात्रे इथल्याच गावचे, आगरी. घरची भातशेती एमआयडीसीत गेली. मग ज्या जमिनीवर बाप नांगर धरायचा तिथेच लेथवर काम शिकून त्यांनी वर्कशॉप टाकलं. इडलीचं पीठ वाटायची मोठी यंत्रं बनवायचे. ग्वाटेमालाच्या एका एजंटाच्या लक्षात आलं की त्यात उकडलेला मकाही झकास वाटला जातो. तिकडे बायका गावागावात मक्याचं पीठ वाटून देतात. तीस-बत्तीस यंत्रं गेली. पुस्तिका माझी आणि झाकणावरचा पिवळा स्टिकरही माझाच.

एका मंगळवारी दुपारी जेवून उठले आणि एजंटाचा ईमेल आला. तीनच ओळी. 'यंत्रामुळे अपघात झाला. हात. झाकणावरच्या स्टिकरचा मूळ मजकूर ताबडतोब पाठवा.'

हात म्हणजे काय? खरचटला, मोडला, की गेला? काही नव्हतं. 'हात' एवढाच शब्द आणि पुढे पूर्णविराम. मी ती फाइल उघडली. माझंच वाक्य समोर होतं : 'आब्रा ला तापा सोलो कुआन्दो ला माकिना नो फुन्सिओने.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा ठीक वाटलं. दुसऱ्यांदा मी ते ग्वाटेमालातल्या बाईसारखं वाचलं. 'नो फुन्सिओने' म्हणजे यंत्र आपलं काम करत नसेल तर. स्विच बंद केलेला असताना, असं ते वाक्य सांगतच नव्हतं. ते सांगत होतं : यंत्र चालेनासं झालं, तरच झाकण उघडा.

बाहेरच्यांसाठी एवढं सांगते. वाटताना मका अडकला की मोटर तापते, आणि जळू नये म्हणून एक रिले तिला आपोआप थांबवतो. मोटर निवली की तोच रिले तिला आपोआप सुरू करतो. मधली काही मिनिटं यंत्र मेल्यासारखं पडून असतं, पण स्विच चालूच असतो. नेमकं तेव्हाच माझा पिवळा स्टिकर सांगत होता, आता उघड.

आमचे हे पोस्टातून रिटायर झालेले, शांत माणूस. माझा चेहरा बघून त्यांनी पेपर खाली ठेवला. मी सगळं सांगितलं.

"दुसऱ्या कुणाला कळलंय का?" त्यांनी विचारलं.

"इथे कोण वाचणार स्पॅनिश?"

"मग तू कशाला स्वतःहून सांगतेस? अगं, मशीनमध्येच काही बिघाड असेल. उद्या कोर्टकचेरी झाली तर? या वयात तू कुठे खेटे घालणार?"

खरं सांगायचं तर हा विचार त्यांच्या आधी मीच केला होता. फाइलमधला एक शब्द बदलायचा आणि छापणाऱ्याने जुना मजकूर छापला म्हणायचं. तो छापणारा तर दुकान बंद करून गावी गेलेला. किती सोपं होतं! आंबिवलीच्या आमच्या वस्तीत दर रविवारी विहारात आई मला पंचशील म्हणायला बसवायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणी वाटायचं, हे सगळ्यात सोपं. त्या दुपारी कळलं की पाचांत तेच अवघड. मग एकदम ध्यानात आलं की तोच स्टिकर बाकीच्या सगळ्या यंत्रांवर आहे. मी इथे विचार करत बसले असताना कुठेतरी कुणाचा तरी मका अडकत असेल. मी चपला घातल्या.

वर्कशॉपमध्ये म्हात्रेशेठ एका मुलाला काहीतरी समजावत होते. भिंतीवर त्यांच्या मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरातला मूळ सूचनांचा कागद चिकटवलेला होता. मी तिथेच उभी राहून वाचला. 'मशीन बंद असतानाच झाकण उघडावे.'

बंद असताना. किती स्वच्छ लिहिलं होतं त्या माणसाने! हाच कागद त्यांनी मला दिला होता. पण अक्षर लागत नव्हतं म्हणून मी त्यांच्या पुतण्याने टाइप केलेला इंग्रजी कागद घेतला. त्यात या 'बंद असताना'चं 'नॉट वर्किंग' झालं होतं. त्या 'नॉट वर्किंग'चं मी 'नो फुन्सिओने' केलं. दोन मराठी माणसांमधली एक मराठी ओळ मी इंग्रजीतून वाचली होती. माझ्या मायबोलीत तो फरक पोरासोरांनाही कळतो. मला कळला नाही, कारण मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

"मॅडम, तुमचा फोन नाय, काय नाय. काय झाला?" म्हात्रेशेठनी विचारलं.

"शेठ, ग्वाटेमालाला अपघात झालाय. कुणाचा तरी हात. आणि चूक माझी आहे."

"कंची चूक?"

"स्टिकरवर मी लिहिलंय, मशीन बंद पडली तरच झाकण उघडा."

ते बाजूच्या पिंपावर बसले. "बंद पडली तर उघडू नका, ह्या आमी रोज पोरांना वरडून सांगतो," ते हळूच म्हणाले. "आनि तुमी एवढ्या शिकलेल्या!"

मग त्यांनीच विचारलं, "सगल्या मशीनींवर तीच पाटी हाय?"

"सगळ्यांवर."

"मंग पयलं त्याचं बघा. माझ्यासमोर रडायला मागून टाइम हाय."

तिथेच, त्यांच्या ऑफिसातल्या काँप्युटरवर, मी एजंटाला ईमेल लिहायला घेतला. सगळे स्टिकर आजच्या आज काढा, तोवर यंत्रं वापरू नका, हे झरझर लिहिलं. पुढचं वाक्य अडलं. मी लिहिलं होतं, 'चूक झाली आहे.' दोन्ही भाषांत हे वाक्य फार सोयीचं. चूक होते, कुणी करत नाही. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. ते खोडलं आणि लिहिलं, 'मी चूक केली.' ईमेल गेला तेव्हा म्हात्रेशेठनी न विचारता पाणी आणून ठेवलं.

मी निघताना ते दारापर्यंत आले. "तो आपोआप चालू होनारा रिले मीच टाकलाय, मॅडम," ते म्हणाले. "हातानं चालू करायचा पन भेटतो. हॉटेलवाल्यांना सारखा बटन दाबायचा कंटाला येतो म्हनून मी नाय टाकला. तुमी एकट्याच नाय."

एजंटाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. स्टिकर काढायला माणसं पाठवली होती. अपघात झालेल्या बाईंचं नाव रोसा. दवाखान्यात होत्या. आणि शेवटी : 'त्यांच्या कुटुंबाला स्टिकर लिहिणाऱ्या व्यक्तीशी बोलायचं आहे. शनिवारी, तुमच्याकडे सकाळचे साडेसहा.'

ते मधले दिवस कसे गेले ते मलाच माहीत. भाकरी थापताना मी स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचे आणि भाकरी तव्यावर करपायची. मिक्सरचं भांडं काढायच्या आधी प्लग काढून हातात धरायचे आणि तसाच धरून उभी राहायचे. कशासाठी बोलवत असतील? शिव्या द्यायला? हात दाखवायला? मी तर म्हणेन, शिव्यांची भीती कमी होती. भीती होती ती बघण्याची.

बाबांची फार आठवण आली. ते आंबिवलीला गिरणीत फिटर होते. यंत्र उघडायचं असलं की आधी चिनीमातीचा फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकायचे. मधल्या सुट्टीत जेवायलाही तसेच घरी यायचे. आई म्हणायची, "एवढं काय ते? कुणी पळवतंय का?" बाबा म्हणायचे, "पळवत नाही गं. कुणीतरी लावतं." खिशाच्या ओझ्याने त्यांच्या सगळ्या शर्टांचा डावा खिसा लोंबलेला असायचा. आमच्या घरी ती चेष्टेची गोष्ट होती. फिटरची मुलगी असून मी ती चेष्टाच लक्षात ठेवली होती.

गुरुवारी नवा स्टिकर लिहिला. त्यात चालणं, न चालणं, बंद, चालू, काहीही ठेवलं नाही. जिथे क्रियापदाची खात्री नाही तिथून ते काढूनच टाकावं, एवढं शहाणपण तीस वर्षांनी आलं. 'भिंतीतला प्लग काढा. प्लग डोळ्यांसमोर ठेवा. मग झाकण उघडा.' शेजारी हातात प्लग धरल्याचं चित्र. म्हात्रेशेठना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि मगच छापायला दिलं. पुढच्या सगळ्या यंत्रांत हाताने चालू करायचा रिले पडू लागला.

शनिवारी सहालाच मी वर्कशॉपला पोचले. शेठ इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मोबाइल त्यांनी बिस्किटाच्या डब्याला टेकवून उभा केला. साडेसहाला पडद्यावर एजंट आला, मग बाजूला सरकला. मागे एक चाळिशीची बाई खुर्चीवर बसलेली. उजवा हात पांढऱ्या पट्टीत. तिच्या मागे भिंतीला टेकून एक माणूस, हातात टोपी, मान खाली.

मी पाठ केलेली क्षमा मागितली. रोसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मला वाचता येत नाही. माझा नवरा तोमास वाचतो. मोठेपणी शाळेत जाऊन शिकलाय तो. आमच्या गल्लीत सगळ्यांची पत्रं तोच वाचतो. यंत्र अडलं तेव्हा मी त्याला हाक मारली. त्याने स्टिकर वाचला. म्हणाला, चालत नसेल तर उघड, असं लिहिलंय. मी उघडलं."

मागचा माणूस हलला नाही.

"आता सगळे म्हणतात, तोमासने चुकीचं वाचलं. त्याच्या आईसुद्धा म्हणतात. त्या दिवसापासून तो काहीच वाचत नाही. औषधाची चिठ्ठीसुद्धा नाही. आम्हाला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. त्याने चुकीचं वाचलं का?"

मंगळवारी मी एक शब्द बदलून फाइल पाठवली असती, तर या माणसाला जन्मभर वाटलं असतं की आपल्याला वाचता येत नाही. आपल्या वाचण्याने बायकोचा हात गेला. आणि मी इथे डोंबिवलीत निवांत चहा पीत बसले असते.

"नाही," मी म्हटलं. "तोमासभाऊ, तुम्ही बरोबर वाचलंत. अक्षर न् अक्षर बरोबर. मी चुकीचं लिहिलं."

त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे बघितलं. एजंटाने त्याच्या हातात नव्या स्टिकरचा कागद दिला. त्याने तो बराच वेळ नुसता धरला. मग बोट ठेवून, एकेक शब्द करत, मोठ्याने वाचला. 'भिंतीतला प्लग काढा.' रोसा त्याच्याकडे वळून ऐकत होती. त्याने शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं.

म्हात्रेशेठना यातलं अवाक्षर कळत नव्हतं. ते फक्त त्या पट्टीकडे बघत होते. "हाताचा विचारा ना, मॅडम," ते कुजबुजले.

मी विचारलं. रोसाने पट्टी बांधलेला हात वर केला. दोन बोटं अर्धीच होती. अंगठा आणि करंगळी तिने हलवून दाखवली. "सिर्वे," म्हणाली. कामाचा आहे हात. मग उरलेलं एक बोट डाव्या हाताने उचललं आणि सोडलं. ते जसं सोडलं तसंच राहिलं. कुठलाही राग न धरता, सांगायचं म्हणून तिने सांगितलं, "एस्ते या नो फुन्सिओना."

माझंच क्रियापद होतं. या वेळी अगदी योग्य जागी होतं.

"काय बोलली?" शेठनी विचारलं. "ह्या बोट बंद हाय का?"

तीस वर्षं मराठीतून तिकडे शब्द नेले, त्या सकाळी पहिल्यांदा तिकडून इकडे आणायचा होता.

"नाही शेठ," मी म्हटलं. "बंद पडलंय."